डोळ्यांचा रंग

जयतीर्थरावांचे डोळे एका दिवसात गेले नाहीत. आधी कडेचे दिसेनासे झाले. वर्गातून बाहेर पडताना त्यांचा खांदा दाराच्या चौकटीवर आपटू लागला, तेव्हा मुले हसली आणि त्यांनाही हसू आले. मग दिव्याभोवती रंगीत कडी दिसू लागली. मद्रासच्या डॉक्टरांनी तपासून काचबिंदू म्हणून सांगितले आणि फार उशीर झाला, हेही सांगितले. १९५८ च्या पोंगलला अंगणातली चूल पेटल्याचे त्यांना कळले ते धुराच्या वासावरून.

तंजावूरच्या एका हायस्कुलात ते विज्ञान शिकवत. ती नोकरी सुटली. राजवाड्यामागच्या गल्लीत त्यांचे लहानसे घर होते. गल्लीतली बरीच घरे त्यांच्यासारखीच, कधीकाळी राजांबरोबर आलेल्या मराठी माणसांची. घरात मराठी, बाहेर तमिळ, कागदावर इंग्रजी. जयतीर्थराव आणि त्यांची बायको चंद्रमती, दोघेच. मूल झाले नाही. पहिली काही वर्षे लोकांनी विचारले, पुढे विचारायचे सोडून दिले.

त्यांना एकाच गोष्टीचा नाद होता. महाराष्ट्रात ज्याला चतुर म्हणतात त्या चार पंखांच्या किड्याला तंजावूरची मराठी घरे शेजारच्या तमिळ शब्दाने तुंबी म्हणत. कावेरीच्या फाट्यांवर, भाताच्या खाचरांत, देवळांच्या तळ्यांवर उडणाऱ्या तुंबी जयतीर्थराव तरुणपणापासून पाहत आले होते. मारून टाचणीला लावायला त्यांचा हात धजत नसे. ते फोटो काढत. पहाटे दव असताना तुंबी गारठून गवताच्या काडीला लटकलेली असते. तेवढ्यात तिपाई रोवायची, लाकडी कॅमेऱ्याचा भाता शेवटपर्यंत ओढायचा, काळ्या कापडाखाली डोके घालून मागच्या दुधी काचेवर तिचा पंख उलटा पण खऱ्याएवढा उतरलेला पाहायचा, आणि ऊन चढून ती उडायच्या आत फोटो घ्यायचा. मग फोटोवरून पंखातल्या शिरा आणि शिरांमधली घरे मोजून ती कोणती ते ठरवायचे. रंग मात्र फोटोत येत नसे. तो तिथेच नीट पाहून ध्यानात ठेवावा लागे.

ओळख पटली नाही तर फोटो मद्रासला डॉ. रामस्वामींकडे जाई. हे रामस्वामी कीटकांचे मोठे अभ्यासक. कावेरीकाठच्या चतुरांवर ते एक पुस्तक लिहीत होते आणि तंजावूरकडची जवळजवळ सगळी माहिती त्यांना जयतीर्थरावांकडूनच मिळाली होती. दोघांची गाठ मात्र कधी पडली नव्हती.

चंद्रमतीला या सगळ्याचा कंटाळा होता. ऐन स्वयंपाकाच्या वेळी नवरा चिखलाचे पाय घेऊन घरात येतो, आणि लोणच्याच्या बरण्यांच्या फडताळात फोटोच्या काचा ठेवतो, एवढाच तिचा तुंबीशी संबंध.

डोळे पूर्ण गेल्यावर जयतीर्थराव भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागले. ताट पुढे ठेवले तर चार घास खात. कोणी भेटायला आले तर झोपल्याचे सोंग करीत. असे आठवडेच्या आठवडे गेले. एका पहाटे चंद्रमती उठली, तिने कॅमेरा आणि तिपाई उचलली आणि गल्लीतल्या बायका सडा घालायला बाहेर पडायच्या आत वडवार नदीच्या काठावर गेली. पुष्कळ हुडकल्यावर तिला एक लटकलेली तुंबी सापडली. नवऱ्याला करताना पाहिले होते तसे तिने सगळे केले. काच दक्षिण वीथीतल्या स्टुडिओत धुऊन घेतली. फोटोत एक करडा डाग होता आणि एक काडी.

"तुमच्या कॅमेऱ्याने फोटो काढला मी," तिने पलंगाशी उभे राहून सांगितले. "काही दिसत नाही त्यात. सगळे पुसट आले."

मग भिंतीकडूनच आवाज आला, "भाता किती ओढला होतास?"

"पूर्ण."

"आणि काडी हालत होती?"

"थोडी हालत होती."

जयतीर्थराव कुशीवर वळले. "काडीमागे ओल्या मातीचा गोळा दाबायचा. मग हालत नाही," ते म्हणाले. त्या दिवशी ते उठून ओसरीवर बसले.

पुढची दोन वर्षे त्या घरातली बरी वर्षे होती. जयतीर्थराव शिकवत आणि चंद्रमती शिकत होती. फोटो मोठा करून आणला की ती भिंग घेऊन त्यांच्या शेजारी बसे आणि पंखातली घरे मोजून सांगे, टोकाजवळचा ठिपका लांबट की चौकोनी ते सांगे. ते बोटाने मांडीवर तो पंख काढत जात आणि मध्येच थांबून म्हणत, "तेथे पुन्हा मोज." पुन्हा मोजले की चूक निघे, आणि ते खूश होत. रंग ती काठावरच मनाशी पाठ करून येई. नुसता लाल म्हटलेला त्यांना चालत नसे. कुंकवासारखा, की पिकल्या मिरचीसारखा, की नव्या विटेसारखा? तिलाही हळूहळू गोडी लागली. एवढ्या वर्षांत आपण परसातल्या विहिरीवर पाणी काढताना डोक्यावरून काय काय उडून गेले आणि आपण मान वर केली नाही, याचे तिला नवल वाटे. शेजारचे श्रीनिवासराव, कचेरीतून निवृत्त झालेले, त्यांची इंग्रजी पत्रे लिहून देत. रामस्वामींची उत्तरे येत. एका पत्रात त्यांनी लिहिले होते की तुमच्या पत्नीचे काम तुमच्यापेक्षा काकणभर सरस आहे. श्रीनिवासरावांनी ते दोनदा वाचून दाखवले. चंद्रमती स्वयंपाकघरात निघून गेली.

१९६० चा उन्हाळा वाईट गेला. नदीचे पाणी माशी महिन्यातच, माघ-फाल्गुनात, बंद झाले होते. वडवारच्या पात्रात गुरे बसू लागली. चंद्रमती पहाटे जाऊन हात हलवत परत येई, आणि एखादी तुंबी सापडली तरी ती नेहमीचीच निघे. जयतीर्थराव सुरुवातीला वाट पाहत. मग विचारायचे थांबले. ओसरीवर येणे बंद झाले. दाढी करायला न्हावी येई त्याला नको म्हणू लागले. एकदा त्यांनी दुपारी तिला हाक मारली.

"अगे, विहिरीला पाणी किती आहे आता?"

"खाली गेले आहे. का?"

"किती खोल असेल? बुडण्याएवढे आहे?"

तिच्या हातातली परात खाली पडली. त्यांनी पुढे काही विचारले नाही. त्या दिवसापासून ती रात्री परसाच्या दाराला कुलूप लावू लागली आणि किल्ली पदराला बांधून झोपू लागली.

आडी, म्हणजे आषाढ महिन्याच्या तोंडावर धरणाचे पाणी सुटले. आडीच्या अठराव्या दिवशी गल्लीतल्या बायका कावेरीची पूजा करायला बसने तिरुवैयारला निघाल्या. श्रीनिवासराव दिवसभर जयतीर्थरावांजवळ बसतो म्हणाले, म्हणून चंद्रमतीही गेली. नदी गढूळ, तांबडी, दोन्ही काठ भरून चालली होती. बायकांनी हळदीकुंकू वाहिले, विड्याची पाने सोडली. चंद्रमतीचे लक्ष पूजेत नव्हते. तिने काठावरचे गवत पाहिले, घाटाच्या दगडांतून उगवलेली झुडपे पाहिली. तुंबी एक नव्हती.

जयतीर्थरावांचे एक जुने वेड होते. डोंगरातल्या झऱ्यांवर राहणारी एक मोठी तुंबी आहे, काळ्या अंगावर पिवळे पट्टे असलेली. ती खाली सपाटीवर कोणी पाहिलेली नव्हती. नव्या पाण्याबरोबर ती तिरुवैयारपर्यंत येत असावी, असे त्यांना वाटे. विशीत असताना त्यांनी तिथे एकदा काहीतरी तसे उडताना पाहिले होते. पुढे दर आडीत ते जाऊन बसले, पण ती पुन्हा दिसली नव्हती. त्यांच्याकडे एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होते, त्यात तिचे रंगीत चित्र होते. चंद्रमतीला ते पान ठाऊक होते.

बसमध्ये परतताना तिने ठरवले. घरी आल्यावर तिने आधी स्वयंपाकघरात जाऊन ते पान पुन्हा पाहिले. मग त्यांच्या पलंगाशी आली.

"अहो, ती दिसली."

"कोण?"

"काळी-पिवळी. तुमची. घाटाच्या खालच्या पायरीवर बसली होती."

जयतीर्थराव ताडकन उठून बसले. "काय म्हणतेस? पट्टे किती होते? पंखांच्या मुळाशी पिवळट होते? कशी बसली होती, आडवी की लटकून?"

ती सांगत गेली. त्यांनी तिचे मनगट धरले होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होते आणि ते पुसायचे त्यांना सुचत नव्हते. त्या रात्री त्यांनी दुसऱ्यांदा भात मागून घेतला. परसाच्या दाराची किल्ली त्या रात्री चंद्रमतीने खुंटीला लावली.

तिला वाटले, एवढ्यावरच हे संपेल. सकाळी श्रीनिवासराव पत्र लिहायला बसले तेव्हा ती म्हणाली, "फोटो नाही. कशाला लिहायचे?"

"फोटो नसला तरी तू पाहिलेस ना," जयतीर्थराव म्हणाले. "पुरे आहे ते."

रामस्वामींचे उत्तर आले नाही. ते स्वतःच आले. दीड-दोन महिन्यांनी, पुरट्टासीत, एका सकाळी घोड्याची जटकागाडी गल्लीत थांबली आणि धोतर-कोट घातलेले एक बुटके, घामाने भिजलेले गृहस्थ जाळे आणि पेटी घेऊन उतरले. जयतीर्थराव त्यांच्या पाया पडायला वाकले, तर ते त्यांच्याआधीच वाकले, आणि दोघांची डोकी एकमेकांना लागली. दोघेही हसले. चंद्रमतीने दोघांना काफी आणून दिली.

"ही नोंद पुस्तकात सर्वांत आधी घालणार आहे," रामस्वामी तमिळमध्ये म्हणाले. "सगळा विचारच बदलेल त्याने. अम्मा, तुम्ही जसे पाहिले तसे मला एकदा सांगा. मग आपण तिरुवैयारला जाऊ."

चंद्रमती दाराला धरून उभी राहिली. तिने पट्टे सांगितले, पंख सांगितले. आता तिला ते पाठ झाले होते. रामस्वामी मान हलवत लिहून घेत होते. जयतीर्थराव हसत ऐकत होते, एखाद्या हुशार मुलीच्या बापाने ऐकावे तसे.

"आणि डोळे?" रामस्वामींनी विचारले.

त्या दिवशी हे तेवढे नवऱ्याने विचारले नव्हते. तिने चित्र आठवले.

"तपकिरी," ती म्हणाली. "काळपट तपकिरी."

रामस्वामींचा हात थांबला. पेला उचलून त्यांनी तो पुन्हा खाली ठेवला. जयतीर्थरावांच्या चेहऱ्यावरचे हसू गेले नव्हते, फक्त ते तसेच राहून गेले होते. थोड्या वेळाने ते मराठीत बोलले, पाहुण्याला कळू नये म्हणून.

"अगे, जिवंतपणी तिचे डोळे हिरवे असतात. मेल्यावर तपकिरी होतात. पुस्तकातले चित्र मेलेल्या तुंबीवरून काढलेले आहे."

चंद्रमती नवऱ्याचा पेला उचलायला वाकली.

"तू दोन वर्षे रोज जिवंत तुंबीचे डोळे पाहतेस. तू कशी चुकशील? तिरुवैयारला तू काय पाहिलेस?"

"नदी पाहिली," ती म्हणाली. "पाणी आले होते."

"आणि तुंबी?"

"नाही पाहिली."

जयतीर्थरावांनी मग पाहुण्याला तमिळमध्ये नीट सांगितले. ती नोंद खोटी आहे, त्यांना विनाकारण एवढ्या लांबचा प्रवास करायला लावला, क्षमा असावी. रामस्वामी भले गृहस्थ होते. पाहताना चूक कोणाचीही होते, एवढी एक नोंद काढून टाकू, असे ते म्हणाले.

"एक नाही," जयतीर्थराव म्हणाले. "या घरून आलेल्या सगळ्या काढा."

"हे काय बोलता? तुमचे उभ्या आयुष्याचे काम आहे. फोटो आहेत त्याचे."

"फोटोत रंग नाही. रंग तुम्ही माझ्या शब्दावर घेतलेत. या घराच्या शब्दावर."

रामस्वामी चंद्रमतीकडे वळले. "अम्मा, बाकीच्या नोंदी?"

"बाकी सगळे खरे आहे," ती म्हणाली. "एकेक खरे आहे. देवाशपथ."

"मला पटते," रामस्वामी म्हणाले.

"मला कळायला मार्ग नाही," जयतीर्थराव म्हणाले, आणि हात जोडून उभे राहिले. रामस्वामींनी तासभर समजूत घातली. ती जटकागाडी दाराशीच उभी होती. त्याच गाडीतून ते स्टेशनवर परत गेले.

दिवसभर कोणी जेवले नाही. संध्याकाळी तीच त्यांच्यापुढे जाऊन बसली.

"मला बोला काहीतरी. शिव्या द्या."

"का केलेस?" त्यांनी विचारले.

"तुम्ही विहिरीचे पाणी विचारले होते. बुडण्याएवढे आहे का म्हणून."

"घागर बुडण्याएवढे आहे का, असे विचारायचे होते मला," ते म्हणाले. "दोर पुरत नाही, असे तूच आदल्या दिवशी म्हणत होतीस."

हे खरे की तिच्यासाठी आत्ता रचलेले, ते तिला त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना. दोराचे आपण बोललो होतो का, हेही आठवेना. ती त्यांच्याकडे पाहत बसली. पुढे कितीतरी वर्षे ती याच एका वाक्याचा विचार करीत राहिली.

ते तिला कधी टाकून बोलले नाहीत. पण सकाळी दूधवाली आली की ते तिला विचारत, "बाहेर आभाळ आले आहे का गे?" चंद्रमतीने नुकतेच सांगितलेले असे, आभाळ आले आहे म्हणून. पोस्टमनला वार विचारत. श्रीनिवासरावांना आपल्या अंगावरचे धोतर स्वच्छ आहे का, ते विचारत. त्यात तिला टोचायचा हेतू नव्हता, ते तिलाही कळत होते. एखाद्या दगडावरून पाय निसटलेला माणूस पुढचा प्रत्येक दगड काठीने चाचपतो, तसे ते करत होते. तिच्याखेरीज त्यांना डोळे नव्हते आणि त्या डोळ्यांवर आता त्यांना पाय ठेवता येत नव्हता.

कॅमेरा कोपऱ्यात राहिला. भात्याला बुरशी आली. ऐप्पसीच्या, दिवाळीतल्या पावसात एकदा ती बाजारातून येताना वडवारच्या काठावर थांबली. गवताच्या पात्याला एक बारीक निळी तुंबी लटकली होती, पावसाचा थेंब डोक्यावर घेऊन. असली तिने आधी कधी पाहिली नव्हती. निळी म्हणजे कशी? तिच्या मनात आपोआप शब्द जुळू लागले, मोरपिसाच्या आतल्या बाजूसारखी, नाही, त्याहून फिकी. ती भिजत उभी राहिली. मग घरी येऊन तिने ओले लुगडे बदलले आणि भाजी चिरायला घेतली. ओसरीवर ते बसले होते. सांगण्यासारखे काही नव्हते असे नव्हे, पण तिने सांगितले नाही.

रामस्वामींचे पुस्तक १९६३ मध्ये निघाले. त्यांनी एक प्रत पाठवली. श्रीनिवासरावांनी ओसरीवर बसून वाचून दाखवली. त्रिचीकडच्या नोंदी होत्या, कुंभकोणमच्या होत्या, समुद्रकाठच्या होत्या. तंजावूरबद्दल एकच ओळ होती, की या भागातली खात्रीलायक माहिती उपलब्ध नाही. श्रीनिवासराव वाचता वाचता अडखळले.

"बरोबर लिहिले आहे," जयतीर्थराव म्हणाले. "पुढे वाचा."

चंद्रमती आत चुलीपुढे होती. तिने शब्द न् शब्द ऐकला.

पुढच्या वर्षी मार्गळीच्या थंडीत त्यांची छाती भरली. डॉक्टर येऊन गेले, सुई देऊन गेले, आणि दाराबाहेर श्रीनिवासरावांशी हलक्या आवाजात बोलले. दुपारी ताप थोडा उतरला. श्रीनिवासराव पायथ्याशी बसले होते, चंद्रमती उशाशी.

"खिडकीवर काही बसले आहे का?" जयतीर्थरावांनी विचारले. "पंख वाजले मघाशी."

प्रश्न कोणाला होता ते कळले नाही. श्रीनिवासरावांनी चंद्रमतीकडे पाहिले आणि डोळ्यांनी खूण केली, हो म्हणा, काय जाते. चंद्रमती उठली. खिडकीशी गेली. लाकडी गजांवर ऊन पडले होते. पलीकडे दोरीवर वाळत घातलेले धोतर होते. तिने गज एकेक करून पाहिले, वरची चौकट पाहिली, खालची पाहिली. हो म्हणणे किती सोपे होते. रंग कोणता सांगायचा, तोही ओठांवर आला होता.

"काही नाही," ती म्हणाली.

"नीट पाहिलेस?"

"नीट पाहिले. रिकामी आहे."

जयतीर्थरावांनी श्रीनिवासरावांना विचारले नाही. "बरे," ते म्हणाले, आणि त्यांचा हात गोधडीवरून सरकत तिच्या बाजूला आला. तिने तो धरला. हात गरम आणि हलका होता. ते आणखी काही बोलतील म्हणून ती ऊन उतरेपर्यंत तशीच बसली. ते बोलले नाहीत.

दोन दिवसांनी ते गेले. सगळे आटोपल्यावर श्रीनिवासरावांनी मद्रासला तार करायला कागद घेतला आणि काय लिहू म्हणून विचारले. त्यांच्या मनात बरेच काही होते. कामाबद्दल, वर्षांबद्दल, झाल्यागेल्याबद्दल.

"गेले, एवढेच लिहा," चंद्रमती म्हणाली.